माळढोकाचा माळ

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला पडीक म्हणण्याची आमची सवय जुनी आहे. नांगर चालत नाही ती जमीन पडीक! याच पडीकावर माळढोकाची मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. नराच्या हुंकारावरून जुन्या लोकांनी या पक्ष्याला 'हूम' असेही नाव दिले होते.

1979 साली सोलापूर आणि त्यावेळचा अहमदनगर या जिल्ह्यांत सुमारे 8,496 चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. कागदावर केवढे विस्तीर्ण! पण त्याच्या पोटात गावे होती, शेते होती, तालुक्याची ठिकाणेही होती. खरा माळ तुकड्यातुकड्यांनीच होता. पुढल्याच वर्षी उजनीचे धरण पुरे झाले, आणि पाणी पोचले तेथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ज्वारीच्या रानात हा पक्षी चरू शकतो. दाट उसात त्याला ना दूरचे दिसते, ना मोकळे हिंडता येते. राखलेल्या माळावर गिरिपुष्पाची लागवड झाली, तीही चांगल्या हेतूने. झाडे लावली की वन झाले, ही समजूत आम्हां सर्वांचीच.

शेतकऱ्याला आम्ही दोष देणार नाही. स्वतःच्या वावराचा व्यवहार अभयारण्यामुळे अडला, तर त्याला पक्ष्याचे प्रेम कोठून वाटावे? 2012 च्या सुमारास ही हद्द 1,222 चौरस किलोमीटरांवर आणली गेली. तोवर नान्नजचे माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. काळवीट मात्र त्या तुकड्यांतून अजून शेजारच्या पिकांत उतरतात.