हॅम्बुर्गची ती रात्र: जेरी ली लुईसचं सदतीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

हेडफोन जवळ असतील तर आधी कानाला लावा. आज ज्या रेकॉर्डिंगबद्दल बोलायचंय, त्याची गंमत मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर कळत नाही.

तारीख ५ एप्रिल १९६४. ठिकाण पश्चिम जर्मनीतलं हॅम्बुर्ग शहर. बंदराला लागून असलेला सँक्ट पाउली हा भाग म्हणजे खलाशी, दारूचे गुत्ते आणि रात्रभर जागणारे रस्ते. तिथल्या एका जुन्या सिनेमागृहात ‘स्टार क्लब’ नावाचा क्लब सुरू झाला होता. त्या रात्री तिथे पियानोवर बसला होता अठ्ठावीस वर्षांचा एक अमेरिकन गायक, जेरी ली लुईस. सहा वर्षांपूर्वी तो जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक अँड रोल गायकांपैकी एक होता. आता मात्र त्याला मिळेल तिथे गावं लागत होतं.

त्या रात्रीची साधारण सदतीस मिनिटं टेपवर राहिली. ‘लाइव्ह ॲट द स्टार क्लब, हॅम्बुर्ग’ या नावाने ती रेकॉर्ड निघाली. रॉकच्या इतिहासातल्या सर्वोत्तम लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये आज तिचं नाव घेतात. पण ती ऐकताना मनात एक प्रश्न येतो आणि तो काही केल्या जात नाही. त्या प्रश्नाकडे येऊच, पण आधी गोष्ट पहिल्यापासून.

जेरी लीचा जन्म १९३५ सालचा, लुईझियाना राज्यातल्या फेरिडे या लहानशा गावातला. घरची गरिबी. पण पोराचे हात पियानोवर चालतात हे बघून बापाने घर गहाण टाकलं आणि पियानो आणला. रविवारी चर्चमध्ये भक्तिगीतं ऐकायची आणि एरवी गावातल्या कृष्णवर्णीयांच्या क्लबमध्ये चोरून शिरून ब्लूज ऐकायचं, असं त्याचं संगीतशिक्षण झालं. पुढे घरच्यांनी बायबलच्या शाळेत पाठवलं. तिथे त्याने भक्तिगीत बोगी-वूगीच्या ठेक्यात वाजवलं आणि शाळेने त्याला घरी पाठवून दिलं. देव एकीकडे, ठेका दुसरीकडे, ही ओढाताण त्याला जन्मभर पुरली.

मग मेम्फिसची ‘सन रेकॉर्ड्स’. एल्विस प्रेस्ली जिथून पुढे आला, तीच कंपनी. १९५७ मध्ये जेरी लीची दोन गाणी लागोपाठ गाजली: ‘होल लॉटा शेकिन गोइंग ऑन’ आणि ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’. गिटारवाल्यांच्या त्या जमान्यात हा पठ्ठ्या पियानो वाजवायचा. उभा राहून वाजवायचा, स्टूल लाथेने उडवायचा, टाचेने पट्ट्या दाबायचा. एल्विस सैन्यात निघालाय, आता त्याची गादी हाच चालवणार, असं लोक म्हणू लागले होते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, डिसेंबर १९५७ मध्ये, त्याने लग्न केलं. मुलीचं नाव मायरा. त्याच्याच बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या चुलतभावाची ती मुलगी, म्हणजे नात्याने पुतणी. तिचं वय तेरा, याचं बावीस. वर त्याच्या आधीच्या बायकोपासूनचा घटस्फोटही पुरा झाला नव्हता.

मे १९५८ मध्ये तो इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, मायराला बरोबर घेऊन. विमानतळावर पत्रकारांना ती दिसली आणि चौकशी सुरू झाली. त्याने वय पंधरा सांगितलं. खरं वय बाहेर यायला वेळ लागला नाही. मग वर्तमानपत्रांनी रान उठवलं आणि तीन कार्यक्रमांनंतर दौरा गुंडाळावा लागला. अमेरिकेत परतल्यावर रेडिओने त्याची गाणी लावणं जवळपास बंद केलं. एका रात्रीचे दहा हजार डॉलर घेणारा माणूस अडीचशे डॉलरवर आला, असं सांगतात. पुढे १९६२ मध्ये त्याचा आणि मायराचा तीन वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात बुडून गेला.

तोवर रॉक अँड रोलची पहिली पिढीच पांगली होती. बडी हॉली १९५९ मध्ये विमान अपघातात गेला. लिटल रिचर्ड गाणं सोडून धर्माकडे वळला होता. चक बेरीने तुरुंगवास भोगला होता. सैन्यातून परतलेला एल्विस हॉलिवूडमध्ये सिनेमे करत होता.

रिकाम्या झालेल्या त्या जागेवर कोण आलं? बीटल्स. आता एक योगायोग बघा. ४ एप्रिल १९६४ च्या ‘बिलबोर्ड’ यादीत अमेरिकेतली पहिली पाचही गाणी बीटल्सची होती. पाचच्या पाच! जेरी ली स्टार क्लबमध्ये गायला तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि हा क्लब १९६२ मध्ये उघडला तेव्हा तिथे वाजवायला कोण होतं? तेव्हा फारसं कोणाला माहीत नसलेले बीटल्सच. या पोरांनी एल्विस, चक बेरी, जेरी ली यांच्या रेकॉर्ड ऐकून रॉक अँड रोल शिकून घेतलं आणि हॅम्बुर्गच्या क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवून ते अंगात मुरवलं. आता ती जगावर राज्य करत होती आणि गुरू त्यांच्या जुन्या अड्ड्यावर गायला आला होता.

त्या रात्रीचं रेकॉर्डिंग केलं सिगी लॉख नावाच्या निर्मात्याने. वय अवघं तेवीस. फिलिप्स कंपनीसाठी तो स्टार क्लबमधले कार्यक्रम टेप करत असे. त्याची पद्धत अगदी साधी होती: माइक वाद्यांच्या जितके जवळ नेता येतील तितके न्यायचे आणि एक स्टिरिओ माइक प्रेक्षकांत ठेवायचा. बस. म्हणूनच आज साठ वर्षांनीही आपण पियानोच्या पोटात डोकं घालून बसलोय आणि मागे गर्दी खवळलीय असं वाटतं.

साथीला बँड होता ‘नॅशव्हिल टीन्स’. नावावर जाऊ नका, ही सगळी इंग्लंडची पोरं. नॅशव्हिलशी त्यांचा संबंध फक्त नावापुरता! जेरी ली गाणं सुरू करतो आणि बँड धावत त्याला गाठतो, हे कितीदा तरी ऐकू येतं. तो कुणासाठी थांबत नाही. मध्येच आवाज एकदम खाली आणतो, जवळजवळ कुजबुजतो, आणि पुढच्या क्षणी दोन्ही हातांनी पियानोवर तुटून पडतो. दोन गाण्यांच्या मध्ये ‘जेरी, जेरी’ असा गजर उठतो. जत्रेत तमाशाच्या फडावर ऐन रंगात आलेली ढोलकी तुम्ही ऐकली असेल, तर वाजवणारा आणि ऐकणारे एकमेकांना कसे पेटवतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मधेच तो हँक विल्यम्सचं ‘युअर चीटिन हार्ट’ हे जुनं कंट्री गाणं घेतो. तेवढाच काय तो विसावा. मग शेवटपर्यंत उसंत नाही.

पण ही रेकॉर्ड निघाली युरोपात. अमेरिकेत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या देशात, ती कित्येक वर्षं प्रकाशितच झाली नाही. आयुष्यातली सर्वोत्तम रात्र टेपवर आली, पण त्या वेळी तिने त्याचं नशीब काही पालटलं नाही. त्याला पुन्हा यश मिळालं ते १९६८ मध्ये, कंट्री संगीतात. पुढे मानसन्मान सगळे झाले. २०२२ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी तो गेला.

आता तो प्रश्न.

या रेकॉर्डची गोष्ट नेहमी एकाच चालीत सांगितली जाते. राजा होता, पदच्युत झाला, आणि एका रात्री हरलेल्या माणसाने जगाला दाखवून दिलं. ऐकायला मस्त वाटतं. मीही बरीच वर्षं ती अशीच सांगत होतो. पण या गोष्टीत मायरा कुठे आहे? सगळ्यांनी सांगितलेल्या गोष्टीत ती फक्त ‘प्रकरण’ असते, नायकाच्या वाटेतली अडचण. अडचणीत खरं तर ती होती. १९७० मध्ये तिने घटस्फोट मागितला, तेव्हा अर्जात शारीरिक आणि मानसिक छळाचे आरोप होते. नंतर तिने आपली बाजू पुस्तकातूनही मांडली.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, “त्या काळी तिकडे चालायचं तसं. आमच्या पणजीचं लग्नसुद्धा तेराव्या वर्षीच झालं होतं.” बरोबर आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा अशी लग्नं होत होती आणि जेरी लीने स्वतःचा बचाव साधारण असाच केला. पण पणजीला कुणी विचारलं होतं का? चालायचं म्हणून तेरा वर्षांची मुलगी मोठी होत नाही. आणि बाकी काही असो, विमानतळावर त्याने वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं. काय लपवायचंय हे त्याला कळत होतं.

रेकॉर्डवरचं दुसरंच गाणं आहे ‘हाय स्कूल कॉन्फिडेन्शियल’. शाळेतल्या मुलामुलींच्या नाचाचं गाणं. बाजारात आलं १९५८ मध्ये, लंडनचं प्रकरण पेटलं त्याच सुमाराला. हे माहीत झालं की ते गाणं पूर्वीसारखं ऐकू येत नाही. पाय ठेका धरतात, आणि त्याच वेळी पोटात काहीतरी कालवतं.

मग ऐकायचं की नाही? मी ऐकतो. टेपवर जे आहे ते खरं आहे: ती ताकद, ती गर्दी, तो थरार. माणूस वाईट वागला म्हणून पियानो बेसूर होत नाही. पण पियानो सुरात आहे म्हणून माणसाला माफीही मिळत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी डोक्यात ठेवणं अवघड आहे, आणि इतिहास ऐकायचा तर तेवढं करावंच लागतं. निदान ‘हरलेल्या राजाची गोष्ट’ सांगताना तो कशामुळे हरला, आणि त्यात एका शाळकरी मुलीचं काय झालं, हे गाळायचं नाही.

तर आज रात्री ते रेकॉर्डिंग लावा. सदतीस मिनिटंच आहेत. दुसऱ्या गाण्याशी क्षणभर थांबा, आणि तुम्हाला काय वाटलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!