थरावरचा थर

सास्तूरच्या शिवारांतील काळा कातळ एका लोटाचा नव्हे. लाव्ह्याचे थर तेथें एकावर एक निजलेले आहेत. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपानें हें गांव पाडलें. पुढें जवळच्या किल्लारीस भूगर्भाच्या तपासणीसाठीं विंधविवर घेतलें, तेव्हां या थरांची जाडी सुमारें 338 मीटर भरली. खालीं थोडा गाळ आणि त्याखालीं अतिप्राचीन पट्टिताश्म. लाव्ह्यानें खालच्या खडकाची घडण विचारली नाहीं; वाट मिळेल तिकडे तो पसरला. परंतु खालच्याची घडण विचारून चढणारे थरही असतात, आणि आज आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाचा आहे तो त्यांचा इतिहास.

दख्खनच्या कातळांतील पोकळ्यांत कॅल्साइटाचे स्फटिक सांपडतात. कॅल्साइटाच्याच ताज्या फोडलेल्या पृष्ठावर फ्रांकेनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानें 1836 सालीं द्रावांतून सोडियम नायट्रेट जमविलें. नवे स्फटिक अस्ताव्यस्त पडले नाहींत. खालच्या स्फटिकाच्या दिशा धरूनच ते उभे राहिले. द्रव्यें निराळीं, पण कणांची मांडणी मिळतीजुळती! 1928 सालीं र्वाये या फ्रेंच शास्त्रज्ञानें अशीं अनेक जोडपीं तपासून या प्रकारास ‘एपिटॅक्सी’ हें ग्रीक धातूंवरून नांव दिलें. दोन्ही मांडण्यांच्या अंतरांत शेंकडा 15 हून अधिक तफावत असेल तर थर जुळत नाहीं, असा त्याचा नियम. पुढें त्यास अपवाद निघाले. नांव मात्र टिकलें.

थोडी तफावत असली तर काय होतें? नवा थर ताणून किंवा आंखडून घेऊन खालच्याशीं जुळतो. 1949 सालीं फ्रँक व व्हॅन डर मर्व्ह यांनीं दाखविलें कीं ही सोशिकता अमर्याद नाहीं. जाडी वाढते तसा सांठलेला ताण वाढतो, आणि एका मर्यादेनंतर थरांत खोट पडून तो मोकळा होतो. सास्तूरचें नांव घेऊन हें लिहितांना आमची लेखणी क्षणभर अडखळते.

1969 सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या मिलर यांनीं प्रकाशाचीं यंत्रें एका चकतीवर बसविण्याची कल्पना मांडली. तिला प्रकाश वाहून नेणारा पातळ थर हवा होता. थराचा वक्रीभवनांक खालच्या चकतीहून आणि वरच्या हवेहून अधिक असेल, तर प्रकाश दोन्ही पृष्ठांवर परतत आंतल्या आंत पुढें जातो. मात्र त्यासाठीं थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाची, म्हणजे सुमारें मिलिमीटराच्या हजाराव्या भागाइतकी लागते. येथेंच खरी अडचण होती. बारीक स्फटिककणांचा थर टिकतो, पण कणांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो. अखंड स्फटिकाचा थर निर्मळ, पण प्रकाशाला पुरेसा जाड करावा तर ताणाची भीति.

1972 सालीं त्याच प्रयोगशाळेंतील टिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं गार्नेटाच्या अखंड थरांतून प्रकाश नेऊन दाखविला. गॅडोलिनियम-गॅलियम गार्नेटाची चकती वितळलेल्या मिश्रणांत बुडवावयाची. मिश्रण गोठण्याच्या काठावर ठेविलें कीं तिच्यावर दुसऱ्या गार्नेटाचा थर हलके हलके चढतो. मिश्रणाचें प्रमाण थोडें बदललें कीं कणांचें अंतर चकतीशीं मिळवितां येतें. म्हणजे ताण सोसावयाचा नाहीं, तो उपजूंच द्यावयाचा नाहीं! आम्हांस ही युक्ति फार आवडली.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतही असे थर चढवितात. तेथें ते अर्धवाहकांचे असतात, आणि वायुरूप द्रव्यांतून तापलेल्या चकतीवर उतरतात. त्यांतूनच लेसर घडतात, आणि त्यांच्या पोटांतील पातळ थर प्रकाशाला दोन्ही बाजूंनीं धरून ठेवतो.