शिकाऱ्याचं काडतूस कोण निवडतं?

पोराच्या हातात पहिली रायफल कुठली द्यावी, यावर अमेरिकेतल्या शिकारी घरांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतो. त्यामागचं गणित साधं आहे. गोळी जड आणि वेगवान असली की दस्ता खांद्याला जोरात धडकतो. त्या धक्क्याला बिचकलेलं पोर चाप ओढताना डोळे मिटतं, नेम हुकतो आणि जनावर जखमी होऊन रानात तडफडत राहतं. म्हणून १९५५ साली बाजारात आलेलं .२४३ विंचेस्टर नवशिक्यांना आजही सुचवलं जातं. त्याची गोळी असते साधारण साडेसहा ग्रॅमची.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी शिराळ्यात किंवा पाटणात कुणी विचारला असता, तर उत्तर कलेक्टर कचेरीतून आलं असतं. तेव्हा ही दोन्ही गावं एकाच सातारा जिल्ह्यात होती. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं.

या भागातल्या सामान्य शिकाऱ्याकडे असलीच तर ठासणीची बंदूक असे. नळीच्या तोंडातून दारू घाला, चिंध्या कोंबा, छर्रे ओता, गजाने ठासा. एक बार गेला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तोवर डुक्कर पार ओढ्यापलीकडे. जिम कॉर्बेट लहानपणी कुमाऊंच्या रानात शिकला तोही एक नळी फुटलेल्या ठासणीच्या बंदुकीवरच. पारध्यांना तर बंदुकीचीही गरज नव्हती. त्यांची पोरं फास लावायला शिकत, आणि फाशाला कॅलिबर नसतं. इंग्रजांनी त्यांच्यावर ‘गुन्हेगार जमात’ असा शिक्का मारला, तो कायद्याने पुसला गेला थेट १९५२ साली. औंध, जत, फलटणच्या संस्थानिकांची गोष्ट अर्थातच वेगळी.

इंग्रजांची भीती कुठून आली, हे साताऱ्यात वेगळं सांगायला नको. १८५७ च्या सप्टेंबरात इथल्या गेंडामाळावर उठावाच्या कटातल्या १७ जणांना मारण्यात आलं. काहींना फाशी दिली, काहींना तोफेच्या तोंडी दिलं, काहींना गोळ्या घातल्या. पुढे १८७८ चा हत्यारांचा कायदा आला. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला, गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली.

पण परवाना हे फक्त पहिलं कुलूप होतं. दुसरं कुलूप कॅलिबरचं, आणि माझ्या इंजिनिअर डोक्याला तेच जास्त धूर्त वाटतं. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .३०३ म्हणजे इंचाचे तीनशे तीन सहस्रांश, ७.७ मिलिमीटर. (बारा बोअरचा हिशेब निराळा. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर.) लष्कराच्या रायफली .३०३ च्या होत्या. शिकाऱ्यांनाही तेच काडतूस मिळू दिलं, तर शिकारीच्या नावाने घेतलेला माल उद्या पळवलेल्या लष्करी रायफलीत चालेल. मग काय, चार्जरची पिनच बदलायची! .३०३ खासगी वापरासाठी बंद. त्याआधीच्या मार्टिनी-हेन्रीचं कॅलिबर .४५० होतं, म्हणून १९०७ च्या सुमारास तेही हिंदुस्थानात बंद. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने लगेच .४६५ ची गोळी काढून साहेबांच्या हत्तीशिकारीची सोय केली. थोड्या सहस्रांशांच्या फरकात कायदा पाळला गेला.

हिंदी शिकाऱ्याच्या वाट्याला आलं .३१५, म्हणजे ८ मिलिमीटर. मुळात हे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं काडतूस. इथल्या लष्करी रायफलीत ते जात नाही, हाच त्याचा मोठा गुण. गोळी जवळपास सोळा ग्रॅमची, .२४३ च्या दुपटीहून जड. किशोरवयीन पोराच्या खांद्याला हे झेपेल का, असा विचार या निवडीत कुठेच नव्हता.

इंग्रजांची भीती अगदीच निराधार नव्हती, हेही मान्य करू. १९४३ ते १९४६ या काळात याच जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि त्याची तुफान सेना गावोगाव फिरली.

गंमत पुढे आहे. इंग्रज गेले तरी .३०३ बंदच राहिलं. ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची शिकारी रायफल बनत राहिली, काडतुसं आपल्या खडकीच्या कारखान्यात. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम वाचा. पीक राखायला शेतकऱ्यासाठी त्यात पहिलं नाव आहे ठासणीच्या बंदुकीचं. ती पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच पुढची गुळगुळीत नळीची बंदूक. रॉकेटच्या युगात सरकारने शेतकऱ्याला गजाने दारू ठासायला लावलं! परवान्याचं वय त्या कायद्यात १६ होतं, १९८३ च्या दुरुस्तीने ते २१ झालं. त्याआधीच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला लगाम घातला होता. ती संपली हे बरंच झालं, असं माझं मत. चांदोली-कोयनेचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथे नेम धरायला कॅमेराच हवा.

.३१५ मात्र संपलं नाही. बातम्यांमध्ये ते आज भेटतं गावठी कट्ट्याच्या शेजारी. लोकांच्या हातात धोकादायक ठरू नये म्हणून जे काडतूस राखून ठेवलं, तेच परवान्याच्या दुकानांतून झिरपून गुंडांच्या कट्ट्यांमध्ये जाऊन बसलं.

आणि डुकरं? ती अजूनही रात्री भुईमुगात शिरतात. वन्यजीव कायद्याच्या अकराव्या कलमाखाली पिकाची नासाडी करणारं जनावर मारायची लेखी परवानगी मिळू शकते. पण अर्ज, पंचनामा, सही होईपर्यंत शेंगा संपलेल्या असतात. मग कुणी कुंपणात वीज सोडतं, कुणी गावठी बॉम्ब पेरतं, आणि त्यात डुकराआधी गाय किंवा माणूस सापडतो.

आज या भागातल्या पोराला कायदेशीर नेम शिकायचा, तर शूटिंग रेंजवर जावं लागतं. तिथे .१७७ ची एअर रायफल असते, मग .२२, अडीच ग्रॅमची गोळी. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये याच .२२ वर ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. समोर ५० मीटरवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य होतं.