नव्या इंजिनाचे चाबुकस्वार

गेवराई तालुक्याचे नाव इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असते ते राक्षसभुवनामुळे. १० ऑगस्ट १७६३ रोजी गोदावरीच्या दक्षिण तीरावर माधवराव पेशव्यांनी निजामअलीच्या फौजेस गाठले. नदीला पूर असल्यामुळे पैलतीरी असलेल्या निजामास मदत पोचविता आली नाही, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला. या लढाईची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. परंतु त्या दिवशी जी घोडी धावली ती धावण्याजोगी कोणी केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कोवळ्या घोड्यास लगाम सोसावयास लावणे, त्यास फेरणे, हळूहळू त्याच्या पाठीवर भार चढविणे, हे कसबाचे काम होते, आणि ते करणाऱ्यास आपल्या भाषेत स्वतंत्र नाव आहे: चाबुकस्वार. तो लढत नसे. दुसऱ्याने ज्यावर बसून लढावे असा घोडा तो तयार करून देई.

आज त्याच तालुक्यातील वाटांवर मोटारसायकली धावतात. नवी मोटारसायकल घेणाऱ्यास पहिली ताकीद मिळते ती हीच, की आरंभी हजारभर किलोमीटर गाडी जपून चालवा, पळवू नका, भार घालू नका. इंजिन अजून रुळावयाचे आहे. इंग्रजीत घोड्यास आणि इंजिनास या कामी एकच क्रियापद लावतात, ते उगाच नव्हे. फरक इतकाच की घोड्यास चाबुकस्वार होता आणि त्याला पागेतून वेतन मिळे. इंजिनाचा चाबुकस्वार होतो तो खुद्द गिऱ्हाईक, आणि वेतन घेण्याऐवजी तो पदरचे पैसे मोजतो. आमचा विषय इतिहास, यंत्रशास्त्र नव्हे. तरी या ताकिदीकडे केवळ यंत्राचा नियम म्हणून पाहण्यापेक्षा, कारखान्याने अर्धे टाकलेले काम कोणी व कोठे पुरे केले याचा वृत्तांत म्हणून पाहणे अधिक उद्बोधक आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम हे रुळणे म्हणजे काय ते पाहू. इंजिनाच्या सिलिंडरात पिस्टन खालीवर होतो. त्याच्या अंगाशी खाचांत बसविलेल्या धातूच्या चिरलेल्या कड्या असतात. त्यांस रिंगा म्हणतात. ही चिरलेली कडी जॉन रॅम्सबॉटम या इंग्रज यंत्रज्ञाने १८५० नंतरच्या वर्षांत वाफेच्या इंजिनासाठी काढली, आणि पुढे पेट्रोलच्या इंजिनाने ती जशीच्या तशी उचलली. रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये फट राहिली तर जळलेला वायू खाली निसटतो व खालचे तेल वर चढून जळते. ती फट मिटविण्याइतका गुळगुळीतपणा यंत्रावर आणणे मोठे कठीण. डोळ्यांस आरशासारखी दिसणारी भिंतही सूक्ष्मदर्शकाखाली नांगरलेल्या शेतासारखी दिसते. तीत तासही असतात आणि ढेकळेही असतात. रिंग फिरू लागली म्हणजे ही ढेकळे घासून मोडतात, तास तेवढे तेल धरण्यापुरते राहतात, आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांच्या मापाचे होतात. यासच रुळणे म्हणावयाचे. खेड्यातला शेतकरी ही गोष्ट गोऱ्ह्याच्या उपमेने लगेच समजतो: नवा गोऱ्हा पहिल्या दिवशी खोल नांगराला जुंपीत नाहीत, जुन्या बैलाच्या जोडीला हलक्या कामावर लावतात. उपमा चांगली आहे, पण अपुरी आहे. गोऱ्हा कामाने वाढतो. लोखंड कामाने झिजते, आणि रुळणे ही त्या झिजेचीच पहिली पायरी होय.

विलायतेत १९२० नंतर सिलिंडर बारीक दगडांनी घासून त्यावर तिरप्या रेघांची जाळी उठविण्याची रीत कारखान्यांत पसरली. तरीही शेवटचा हात गिऱ्हाइकानेच फिरवावयाचा राहिला, आणि इंग्लंडातील मोटारींच्या पाठीमागे ‘गाडी नवी आहे, कृपया पुढे जा’ अशा अर्थाच्या पाट्या पुष्कळ वर्षे लटकत असत. त्या काळी गेवराई निजामाच्या राज्यात होती. त्या राज्याच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी रस्त्यावरील वाहतूक आरंभिली. पण आमच्या या भागातील बहुतेक शेतकऱ्यांस इंजिन प्रथम भेटले ते रस्त्यावर नव्हे, विहिरीवर. १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकीस तेल-इंजिनांचा कारखाना काढला. मोटेची जागा घेणाऱ्या अशा इंजिनासही आरंभी पूर्ण भार न देता चालवावे लागे. परंतु ते एका जागी पक्के बसविलेले, एकाच गतीने चालणारे आणि पाण्याने थंड राखलेले यंत्र. त्याचे रुळणे कोणाच्या लक्षातही येत नसे.

मोटारसायकलीची गोष्ट वेगळी. १९५५ साली मद्रासेस एन्फिल्डची बुलेट जोडली जाऊ लागली, ती मुख्यतः सैन्यासाठी. १९६०च्या पुढे म्हैसुरात जावा आणि उत्तरेत एस्कॉर्टसची राजदूत तयार होऊ लागली. पुण्यास बजाजच्या स्कूटरी निघू लागल्या. यांपैकी बुलेट सोडली तर बाकीच्या गाड्या दोन-फेरी इंजिनाच्या, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या. या इंजिनाचा स्वभाव तापट. ॲल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेने लोखंडी सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो. नव्या गाडीत दोहोंमधील मोकळीक अगदी बेताची. त्यात चढण, उन्हाळा, मागे दोन माणसे आणि तेल कमी पडले की पिस्टन भिंतीस धरतो व चालती गाडी एकाएकी जाम होते. यासाठी नव्या गाडीच्या पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण नेहमीहून थोडे अधिक ठेवीत, आणि मग धुराचा लोट मागे सोडीत गाडी मुंगीच्या पावलांनी चाले. एकदा पिस्टनने धरले की तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी नेऊन सिलिंडर पाव मिलिमीटरने मोठा करून घ्यावयाचा, मोठ्या मापाचा पिस्टन बसवावयाचा, आणि पुन्हा पहिल्यापासून सारे जपणे सुरू. चार वेळा असे झाले म्हणजे सिलिंडरच बदलण्याची पाळी येई.

या भीतीस त्या काळच्या अर्थव्यवस्थेची जोड होती, हे विसरता कामा नये. परवान्यांच्या त्या युगात १९७२ साली आलेल्या बजाज चेतकसाठी लोक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत. इतक्या प्रतीक्षेने घरात आलेली वस्तू कोण पळवील? आमच्या विद्यार्थिदशेत वसतिगृहासमोर कोणाची नवी गाडी उभी राहिली की तिच्या किलोमीटरांचा हिशेब परीक्षेच्या गुणांपेक्षा अधिक काळजीने ठेवला जाई. नियम शास्त्राचा होता. पण त्याचे व्रत झाले ते टंचाईमुळे, आणि व्रत म्हटले की शास्त्रात नसलेली पुष्कळशी पथ्ये त्यात शिरतात. रोज सकाळी गाडी स्टँडवर लावून अर्धा-अर्धा तास जागच्या जागी चालू ठेवणे हे त्यांतलेच एक. त्याने इंजिन तापते, हवा लागत नाही, आणि रिंगांवर पुरेसा दाब न आल्याने त्या बसतही नाहीत.

आता गेवराईकडे वळू. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी औरंगाबादेजवळ (हल्लीचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथे बजाजच्या नव्या कारखान्याचे उद्घाटन राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते झाले. १९८६त त्या कंपनीची एम-८० आणि कावासाकीच्या सहकार्याने केलेली केबी-१०० या गाड्या निघाल्या; १९९१त चार-फेरी इंजिनाची चॅम्पियन आली. होंडाच्या सहकार्याने हिरोने तत्पूर्वी १९८५तच चार-फेरी इंजिनाची गाडी आणली होती. ज्या तालुक्यात आजही रेल्वे नाही, त्याच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या टप्प्यात मोटारसायकली घडू लागल्या आणि पाहता पाहता बैलगाडीच्या जोडीस येऊन उभ्या राहिल्या. चार-फेरी इंजिनात तेलाचा साठा निराळा. पिस्टन धरण्याची धास्ती पुष्कळ कमी झाली. पण ताकीद तीच राहिली. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात पहिले १००० आणि पुढचे १००० किलोमीटर असे दोन टप्पे करून प्रत्येक गिअरास वेगाची मर्यादा घालून दिलेली असे, आणि वर भार टाळण्याचा उपदेश.

या पुस्तकाचा मालक आणि गेवराईचा मालक ही दोन निरनिराळी माणसे आहेत, हे आमचे मुख्य सांगणे. पुस्तकातील मालक एकटा कचेरीत जातो व एकटा परततो. गेवराईस नवी गाडी घ्यावयाची ती बहुधा दसऱ्यास. झेंडूची माळ घालून, आपट्याची पाने वाहून तिची पूजा व्हावयाची. पण दसरा म्हणजे कोणता हंगाम? कापसाची वेचणी उभी राहिलेली असते. बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघावयाची, ती याच सुमारास. मुकादमास उचल दिलेल्या जोड्या गोळा करीत गावोगाव हिंडावयाचे असते. शेतकऱ्यास मजुरांस रानात पोचवावयाचे, खताचे पोते पुढे टाकीवर आडवे घालून आणावयाचे, दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंस लटकावून पहाटे निघावयाचे. ज्या दिवशी गाडी अगदी कोरी, त्याच दिवशी काम सर्वांत अधिक. हप्ता पुढच्याच महिन्यात भरावयाचा असल्यामुळे गाडीने पहिल्या दिवसापासून मिळविले पाहिजे. गेवराई ते बीड जाऊन येऊन सुमारे ७० किलोमीटर. हजार किलोमीटर म्हणजे अशा १४-१५ फेऱ्या. नोकरदारास त्या सवडीने करता येतात. मुकादमाच्या त्या पंधरवड्यात भाराखालीच पुऱ्या होतात. पुढे इंजिनाने तेल खाल्ले तर ‘तुम्ही आरंभी भार घातला’ हे उत्तर तयार असते. चाबुकस्वारी गिऱ्हाइकाकडून करून घ्यावयाची आणि घोडा बिघडला तर दोषही त्याचाच, हा व्यवहार आम्हांस न्याय्य वाटत नाही.

शिवाय तो दोष खरोखर कितपत आहे? रिंग भिंतीवर दाबली जाते ती तिच्या स्वतःच्या ताणाने थोडी, आणि जळत्या वायूच्या दाबाने अधिक. हा वायू रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेर लोटतो. इंजिनावर भार नसेल तर हा दाबही नसतो. मग ढेकळे मोडत नाहीत, उलट त्यांवर तेल जळून काचेसारखा थर बसतो, आणि अशी अति जपलेली गाडी आयुष्यभर तेल पिते. म्हणून यंत्रज्ञांत दोन पक्ष आहेत. एक म्हणतो हळू चालवा. दुसरा म्हणतो, गरम झाल्यावर भार द्या, सोडा, पुन्हा द्या. आम्हांस दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पुष्कळ अंशी पटते, एवढ्या पुस्तीसह की शत्रू भार नसून साठणारी उष्णता आहे. एप्रिल-मे महिन्यांत गेवराईच्या हवेतच पारा चाळिशीपुढे जातो, आणि त्या हवेनेच इंजिन थंड व्हावयाचे असते.

या दृष्टीने पाहता गावाकडच्या जुन्या वाटांनी गाड्या चांगल्याच रुळविल्या असल्या पाहिजेत. धुळे–सोलापूर रस्ता चौपदरी होण्यापूर्वी दर दोन-चार मैलांस गाव, गतिरोधक, खड्डा, म्हशींचा कळप. वेग सारखा चढावा आणि उतरावा, गिअर सारखा बदलावा. पुस्तकातील ‘वेग एकसारखा ठेवू नका’ हे वाक्य त्या रस्त्यावर निराळे सांगण्याची गरज नव्हती. चौपदरी झाल्यापासून शहागडच्या पुलापर्यंत मूठ एकाच जागी धरून तासन् तास जाता येते. नव्या इंजिनास पोत्यापेक्षा हे अधिक बाधते, आणि याविषयी मात्र कोणी कोणास दटावीत नाही.

अलीकडे कारखान्यांनी आपले काम बरेचसे परत घेतले आहे. सिलिंडरवर रेघांची जाळी उठविल्यावर तिची शिखरे कारखान्यातच दुसऱ्या घासणीने छाटून टाकतात. म्हणजे जी ढेकळे पूर्वी गेवराईचा शेतकरी आपल्या पेट्रोलने मोडीत असे ती आता यंत्रावरच मोडून येतात. ओतकाम सुधारले, तेले सुधारली. एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या धुराच्या कडक नियमांनी तेल जळू देणे कारखान्यासच परवडेनासे केले. जे काम गिऱ्हाइकाच्या तक्रारींनी झाले नाही ते सरकारी मोजमापाने झाले, असे म्हणण्यास हरकत नाही. पहिल्या काही शे किलोमीटरांनंतर तेल बदलण्याची आवश्यकता मात्र उरली आहे, कारण गिअरांच्या दातांची व रिंगांची पहिली झीज त्या तेलात उतरते.

२०२० सालीच चेतक हे नाव पुन्हा बाजारात आले, ते विजेवर चालणाऱ्या स्कूटरीसाठी. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे. पण या घोड्यास पिस्टन नाही, रिंग नाही, आणि म्हणून इंजिनाचा चाबुकस्वारही नको. ब्रेकचे गुटके नवे असतात आणि टायरचे अंग पहिले शंभर किलोमीटर गुळगुळीत असते. तेवढे रुळविणे मात्र अजून घेणाऱ्याकडेच आहे.