काटा, पू आणि पंचवीस वर्षांचं भांडण



पायात काटा मोडला आणि तो वेळेवर निघाला नाही, तर काय होतं हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी तिथे सूज येते, ठणका लागतो आणि मग ती जागा पिकते. त्या पुवात मोठा भाग असतो तो आपल्याच रक्तातल्या, मेलेल्या पांढऱ्या पेशींचा. या पेशी तिथे कशासाठी येतात? या साध्या प्रश्नावर युरोपातले शास्त्रज्ञ जवळजवळ पंचवीस वर्षं भांडत होते. आज त्या भांडणाची गोष्ट.

1880च्या आसपास डॉक्टरांना सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसत होते. पण बहुतेकांनी त्याचा अर्थ असा लावला, की जंतूच पेशीत घुसतात, तिथे आसरा घेतात आणि तिच्यावर स्वार होऊन शरीरभर पसरतात. म्हणजे पांढरी पेशी ही राखणदार नाही, तर चोराला घरात घेणारी! दृश्य एकच, पण त्याचा अर्थ अगदी उलटा निघू शकत होता.

हा अर्थ बदलणारा माणूस डॉक्टर नव्हताच. इल्या मेच्निकोव हे प्राणिशास्त्रज्ञ. 1845 साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले, ओडेसाच्या विद्यापीठात प्राध्यापक. त्यांची पहिली पत्नी लुडमिला 1873 साली क्षयाने गेली. त्या दुःखात त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला होता. क्षयाची ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपण तिच्याकडे परत येणार आहोत.

1882 साली विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून मेच्निकोवांनी नोकरी सोडली आणि ते इटलीत, सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहायला गेले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली. हे मात्र सूक्ष्मदर्शक घेऊन घरीच बसले. समोर होती तारामाशाची काचेसारखी पारदर्शक पिल्लं आणि त्यांच्या अंगात फिरणाऱ्या पेशी. साध्या प्राण्यांत अशा पेशी अन्नकण गिळून पचवतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग मनात आलं, याच पेशी बाहेरून घुसलेल्या शत्रूलाही गिळत असतील का?

त्यांनी बागेतल्या गुलाबाचे काटे आणून पिल्लांच्या कातडीखाली खुपसले. उत्साहाच्या भरात रात्रभर झोप लागली नाही. ही हकीगत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे. पहाटे पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला!

यात एवढं मोठं काय? तर तारामाशाच्या पिल्लाला रक्तवाहिन्याच नसतात. सूज म्हणजे रक्तवाहिन्यांना झालेली इजा, असं तेव्हा मानलं जात होतं. इथे रक्तवाहिन्या नसतानाही पेशी धावून आल्या होत्या. म्हणजे पेशींचं धावून येणं हीच मूळ गोष्ट होती. या पेशींना त्यांनी नाव दिलं ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षक पेशी.

पण काटा म्हणजे काही रोगजंतू नव्हे. म्हणून 1884 साली त्यांनी डॅफ्निया नावाच्या पाण्यातल्या पिसवेवरचं काम प्रसिद्ध केलं. या पिसवेला एका बुरशीचा रोग होतो. पेशींनी बुरशीचे बीजाणू वेळेत गिळले, तर पिसू जगते. नाहीतर बुरशी माजते आणि ती मरते. लढाईचा निकाल डोळ्यांसमोर लागत होता.

तरी विरोधक मानेनात. 1890 साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं, की धनुर्वाताची प्रतिकारशक्ती आलेल्या प्राण्याच्या रक्तातला पेशीविरहित द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. मग पेशी हव्यात कशाला? एक बाजू म्हणे पेशी, दुसरी म्हणे सीरम. 1903 साली लंडनमध्ये राइट आणि डग्लस यांनी दोन्ही बाजू जोडल्या. सीरममधले काही घटक जंतूला चिकटतात आणि मग पेशी त्याला चटकन गिळतात. नुसत्या भाकरीला तोंडी लावणं मिळावं, तसं! 1908चं नोबेल पेशीवाले मेच्निकोव आणि सीरमवाले पॉल एर्लिख यांना मिळून दिलं गेलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईतही येतो. ओडेसात मेच्निकोवांच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी त्यांच्याच मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. त्याचं नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी मारलेल्या प्लेगजंतूंची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मेलेले जंतू दाखवून शरीराला खऱ्या शत्रूची ओळख करून द्यायची, ही त्यामागची कल्पना. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

आता क्षयाकडे येऊ. भक्षक पेशी जंतू गिळते, तेव्हा तो एका पिशवीत बंद होतो. मग पाचक रसांची दुसरी पिशवी तिला येऊन मिळते आणि जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू नेमकी ही भेटच अडवतो आणि फुफ्फुसातल्या भक्षक पेशीच्या आत मुक्काम ठोकतो. म्हणजे ‘पेशी जंतूंना आसरा देतात’ म्हणणारे जुने डॉक्टर अगदीच चुकले नव्हते! लुडमिलाचा जीव घेणाऱ्या रोगाबाबत त्यांचंही म्हणणं थोडं खरं होतं.

जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आज भारतात आहे. खोकला थांबला, वजन वाढलं, की अनेक जण गोळ्या सोडतात. पण राखणदाराच्याच पोटात दडून, सुस्तावून बसलेले जंतू मारायला महिने लागतात. म्हणून तुमच्या घरात, शेजारीपाजारी कुणाचं औषध चालू असेल, तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा. बरं वाटणं वेगळं, बरं होणं वेगळं. डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत गोळी चुकवायची नाही.

भेटू पुढच्या भागात.