रविवारचा फेरफटका

पाऊस ओसरला की रविवारी पहाटे बेळगावहून चोर्ला घाटाकडे आणि आंबोलीकडे मोटारसायकली निघू लागतात. बँकेत, कचेरीत, कारखान्यात नोकरी करणारे किंवा स्वतःचे दुकान सांभाळणारे, चाळिशीच्या अलीकडचे-पलीकडचे गृहस्थ त्यांत बरेच असतात. आठवडाभराची नोकरी, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची औषधे या साऱ्यांतून हे तीन-चार तास काढायचे कसे, हा त्यांच्या गप्पांतला कायमचा विषय. ‘वेळ काढणे’ हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. विहिरीतून पाणी काढावे तसा वेळ कोठे तरी साठून असतो, आपण फक्त पोहरा सोडायचा, असे त्यातून सुचते. या रविवारचा इतिहास पाहू लागलो तर मात्र निराळेच दिसते. हा वेळ कोणी तरी झगडून मिळवलेला असतो आणि पुष्कळदा कोणी तरी आपल्या वाट्यातून दिलेला असतो.

एका योगायोगापासून प्रारंभ करू. १८८५ साली जर्मनीत गॉटलिब डाइम्लर यांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचे इंजिन बसवून दुचाकी वाहन तयार केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांचा मुलगा पाउल ते चालवीत कानस्टाटहून उंटरटुर्कहाइमपर्यंत गेला. मोटारसायकलीच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथून धरतात. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८४ मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारी आयोगासाठी सिद्ध केले होते. त्यातील प्रमुख मागणी होती आठवड्यातून एका दिवसाच्या सुटीची. गिरण्या तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. उन्हाळ्यात दिवस लांबला की कामही लांबे. सणावाराच्या मोजक्या सुट्या सोडल्या तर आठवड्याला शेवट असा नव्हताच.

सत्यशोधक चळवळीतून आलेल्या आणि ‘दीनबंधू’ चालवणाऱ्या लोखंडे यांनी ही मागणी सहा वर्षे लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाचा विचार करता लहान नव्हे. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. पुढील वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुटीला कायद्याचा आधार दिला. आज घाटात गाडी थांबवून चहा पिणाऱ्याला लोखंडे यांचे नाव ठाऊक असतेच असे नाही. पण तो ज्या दिवशी तेथे उभा असतो, त्या दिवसाच्या मोकळेपणात त्यांचा वाटा आहे.

सुटीचा दिवस मिळाला तरी उरलेल्या सहा दिवसांचे तास आवरायला अर्धे शतक लागले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याचे काम साठ तासांवर, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत चोपन्न तासांवर आणले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४५ मध्ये पगारी रजेची आणि १९४६ मध्ये अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याची तरतूद झाली. सहा दिवस राबून सातव्या दिवशी केवळ पडून राहणे आणि त्या दिवशी हौसेने कोठे जाण्याइतके त्राण उरणे, यांतील अंतर या कायद्यांनी कमी केले.

स्वातंत्र्यानंतर दिवस होता, पण वाहन नव्हते. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया स्थापन झाली, १९६१ च्या सुमारास म्हैसूरमध्ये जावा तयार होऊ लागली, पुढे राजदूतही आली. तरीही मध्यमवर्गीय कुटुंबाचे स्वप्न होते ते स्कूटरचे. परवाना-पद्धतीमुळे उत्पादन बेताचे आणि मागणी अफाट, म्हणून बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ही प्रतीक्षा काही वेळा दहा वर्षांपर्यंत जाई. इतक्या तपश्चर्येने घरात आलेले वाहन एकट्याच्या हौसेचे राहणे शक्यच नव्हते. वडील चालवीत आहेत, थोरला पुढे उभा आहे, आई मागे एका बाजूला पाय सोडून बसली आहे आणि धाकटे तिच्या मांडीवर आहे, हे दृश्य एका पिढीच्या आठवणीत पक्के आहे. दळण, गॅसचा सिलिंडर, दवाखाना, लग्नकार्य यांतून गाडी मोकळी झाली तर फेरफटका. पुढे १९८५ मध्ये हिरो होंडाची काटकसरी मोटारसायकल आली आणि नव्वदीच्या दशकाअखेर मोटारसायकलने स्कूटरला मागे टाकले. घरात दुसरी गाडी येणे परवडू लागले, तेव्हा कोठे ‘माझी गाडी’ हा शब्दप्रयोग रुळला.

हौस आणि काम यांची ही सरमिसळ गोव्यात आणखी ठळक दिसते. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल चालवून प्रवासी वाहणाऱ्याला तेथे ‘पायलट’ म्हणतात. इतरांना जे आठवड्यातून एकदा लाभते ते त्याला रोज करावे लागते. गाडी चालवणे हेच ज्याचे काम, त्याची फुरसत बहुधा गाडीवरून उतरल्यावरच सुरू होत असावी.

नोकरी, संसार आणि मोटारसायकल यांचा मेळ घालू पाहणाऱ्यांत रॉबर्ट पर्सिग या अमेरिकी लेखकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. यंत्रांची माहितीपत्रके लिहिणे हा त्यांचा व्यवसाय. १९६८ च्या जुलैमध्ये ते अकरा वर्षांच्या क्रिस या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियाला मोटारसायकलने गेले. मुलाला सोबत नेल्याने संसार आणि प्रवास यांतील पेच त्यांनी आपल्यापुरता सोडवला, असे वाटते. परंतु त्या प्रवासावरचे पुस्तक लिहायला वेळ हवा होता. दिवसाची नोकरी सांभाळून, मध्यरात्रीनंतर उठून पहाटेपर्यंत लिहीत त्यांनी ते वर्षानुवर्षे चालवले. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याआधी १२१ प्रकाशकांनी ते नाकारले होते. पर्सिग यांनी वेळ आपल्या झोपेतून घेतला. मात्र त्या सतरा दिवसांच्या प्रवासात त्यांची पत्नी आणि धाकटा मुलगा घरीच होते, हेही विसरता येत नाही.

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. १८९० च्या सभेत स्त्रिया बोलल्या, पण रविवारी गिरणी बंद झाली तरी चूल बंद झाली नाही. उलट सारे घरी म्हणून त्या दिवशी चुलीचे काम वाढले. दुचाकीने स्त्रियांना काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७२ मध्ये आलेली लुना आणि १९८४ मध्ये आलेली, गिअर न बदलता चालणारी कायनेटिक होंडा यांनी अनेकींना कोणाच्या मागे न बसता नोकरीवर जाण्याची सोय दिली. पण ती सोय बहुतांशी कामासाठीच होती. नोकरी, मुलांची शाळा आणि येताना भाजी. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. या दोन आकड्यांतील अंतर २०१ मिनिटांचे, म्हणजे सव्वातीन तासांहून अधिक आहे. बेळगावहून पहाटे निघून घाटात चहा घेऊन परतायला साधारण एवढाच वेळ लागतो.

हा हिशेब कोणाची हौस मोडावी म्हणून मांडलेला नाही. पहाटेच्या गार वाऱ्यात, जंगलातल्या वळणांवर माणसाचे मन मोकळे होते आणि सोमवारला तो अधिक शहाणपणाने सामोरा जातो, हे या लेखकाने स्वतः अनुभवले आहे. गेली काही वर्षे त्या रस्त्यावर स्त्रियाही स्वतःच्या मोटारसायकलींवर दिसू लागल्या आहेत, थोड्या, पण ठामपणे. लोखंडे यांनी गिरणीमालकांपुढे मांडलेला प्रश्न साधा होता : सातवा दिवस आमचा का असू नये? तो प्रश्न आता आपापल्या स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. तेथे त्याचे उत्तर कोणत्याही संघटनेला देता येणार नाही. एखाद्या रविवारी गाडीची किल्ली दुसऱ्या हाती देऊन आपण चुलीपाशी उभे राहिलो, तरच ते मिळेल.