मुंबईची नौका, गोव्याचा तळ

पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता धरणारे पनवेलकर दाबोळीला ओळखतात ते प्रवासी विमानतळ म्हणून. धावपट्टी मात्र नौदलाची आहे. पणजीपासून तीसेक किलोमीटरवर, वास्कोजवळच्या पठारावरचा हा तळ म्हणजे 'आयएनएस हंसा'. प्रवासी इथे कायम पाहुणेच राहिले.

ही धावपट्टी बांधली पोर्तुगीजांनी, तीही नाइलाजाने. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली हातची गेली. पुढच्या वर्षी गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि भारताने सीमा बंद केली, रेल्वेही थांबवली. मग दमण, दीव आणि कराचीशी विमानाने संबंध ठेवायची धडपड सुरू झाली.

गोवामुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ रोजी, पुण्याहून आलेल्या १२ भारतीय कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर बाँब टाकले. हुकूम असा, की धावपट्टी उखडा, इमारतींना धक्का लावू नका. विमानतळ उद्या आपल्यालाच वापरायचा आहे, हा हिशेब त्यात स्पष्ट दिसतो. त्याच रात्री पोर्तुगीजांनी खड्डे कसेबसे बुजवले आणि उरलेल्या तोकड्या पट्टीवरून दोन प्रवासी विमानं अंधारात कराचीकडे काढली. त्यांतलं एक कॉन्स्टेलेशन होतं. हरणाऱ्या बाजूच्या असल्या तरी त्या वैमानिकांना दाद द्यायलाच हवी.

नौदलाला मात्र वेगळीच निकड होती. विमानवाहू 'विक्रांत' त्याच वर्षी नोव्हेंबरात मुंबईत दाखल झाली होती. अशा नौकेवरून जेट उडवायचं तर तिला वाऱ्याच्या तोंडाला वेगाने धावावं लागतं. गोदीत बांधलेल्या नौकेवर ते जमत नाही. म्हणून नौका बंदरात यायच्या आधीच विमानं किनाऱ्यावरच्या तळावर उतरवतात. असा तळ, 'हंसा', सप्टेंबर १९६१ मध्ये सुरू झाला होता खरा, पण कोइमतूरजवळच्या सुलूरला, समुद्रापासून लांब! दाबोळीला पठार होतं, पायथ्याशी समुद्र होता आणि मुंबईही हवेतून जवळ. एप्रिल १९६२ मध्ये नौदलाने विमानतळ ताब्यात घेतला आणि जून १९६४ मध्ये 'हंसा' तिथे हलवला. नौका मुंबईची, विमानं गोव्याची, अशी वाटणी तेव्हापासून पडली.

१९७१ च्या युद्धात 'विक्रांत'वरून कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले करणारी सी हॉक विमानं याच तळाची. डिसेंबर १९८३ मध्ये सी हॅरियर आली. उभ्या उभ्या उतरणारं हे विमान मे २०१६ मध्ये निवृत्त झालं, तेही दाबोळीलाच. तोवर मिग-२९के आलेली होती. नौकेच्या डेकसारखी उंचावत जाणारी सरावपट्टीही इथेच आहे; तेजसच्या नौदल आवृत्तीने सप्टेंबर २०१९ मध्ये तारेला आकडा अडकवून थांबण्याची पहिली चाचणी दिली ती इथेच.

तोवर गोवा पर्यटकांचा झाला होता. सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव, त्यामुळे प्रवासी विमानांची गर्दी दुपारनंतर आणि रात्री. पुण्याच्या लोहगावालाही प्रवासी विमानं हवाई दलाच्या धावपट्टीवरच उतरतात. पनवेल तालुक्यात ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या विमानतळाला ही अडचण नाही. गोव्याने तोडगा काढला तो पेडण्यातल्या मोपाला दुसरा विमानतळ बांधून. जानेवारी २०२३ पासून तिथे विमानं उतरू लागली आणि दाबोळीच्या काही फेऱ्या तिकडे वळल्या. दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांना आणि पुढाऱ्यांना मग नवा घोर लागला, की इतकी वर्षं नौदलाशी वाटून घेतलेला विमानतळ अखेर नौदलाकडेच तर जाणार नाही ना!